बारशाची आत्या

आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. पाळण्याभोवतीच्या बायका तिच्या पाठीत गमतीने धपाटे घालतात, पण तिने उच्चारलेले नाव पुढे जन्मभर चालते. संगणकाच्या जगातील एका मोठ्या चळवळीचे नाव असेच एका बाईने ठेवले. मात्र ही आत्या कोण, हे वीस वर्षे फारशा लोकांना ठाऊक नव्हते.

मी सातवी शिकलेली. ही हकिकत मला माझ्या मुलीने सांगितली. ती नागपुरास संगणकाचे शिक्षण घेते. मला समजली तशी भगिनींपुढे ठेवते.

संगणकाने काय करावे हे ज्या लेखी सूचनांनी सांगतात, त्याला प्रोग्राम म्हणतात. पुष्कळ कंपन्या या सूचना कुलपात ठेवतात. लोणच्याची बरणी विकायची, पण मसाल्याचे प्रमाण सांगायचे नाही, असा तो व्यवहार. हे प्रमाण सर्वांना वाचता, बदलता व वाटता यावे, असा उद्योग अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात तेच आहे. या प्रकाराला ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणत. पण इंग्रजीत ‘फ्री’ म्हणजे मोकळेही आणि फुकटही. नवा माणूस फुकट एवढेच समजे.

क्रिस्टीन पीटरसन या बाईंना ही अडचण खटकली. नव्यांना चटकन कळावे म्हणून त्यांनी ‘ओपन सोर्स’, म्हणजे मूळ लिखाण उघडे असलेले, हे नाव योजले. ५ फेब्रुवारी १९९८ रोजी कॅलिफोर्नियात या मंडळींची बैठक भरली. बाई तेथे होत्या, पण फारशा बोलल्या नाहीत. आपण या वर्तुळात नवख्या, आपले कोण ऐकणार, असे त्यांना वाटले. त्यांचे परिचित टॉड अँडरसन यांनी गाजावाजा न करता तो शब्द बोलण्यात वापरला. थोड्या वेळाने दुसऱ्यांच्याही तोंडी तो आला आणि रुळला! बाईंनी स्वतः ही सारी हकिकत २०१८ साली लिहून प्रसिद्ध केली.

ग्रामसभेत मागच्या रांगेतील बाई शेजारणीच्या कानात नेमकी सूचना सांगते आणि उभा राहून ती मांडतो दुसराच, हे आपण पाहिलेले आहे. नावाचे म्हणाल तर आपले धरण कागदावर इंदिरासागर, पण लोकांच्या तोंडी गोसीखुर्दच. तोंडी बसते ते नाव खरे, मग ते ठेवणारी मागे राहते.

पुढची गोष्ट २००६ सालची. ‘ग्नोम’ हा असाच उघडा प्रकल्प. त्याच्या उन्हाळी कामासाठी १८१ अर्ज आले आणि त्यांत बाईचा एकही नव्हता. बायकांना बंदी कोणी घातली नव्हती, दार सताड उघडे होते. तेव्हा हॅना वॉलक व क्रिस बॉल या दोघांनी खास स्त्रियांसाठी काम जाहीर केले. त्याला शंभराच्या घरात अर्ज आले व सहाजणी घेतल्या. इतक्या बाया एका उन्हाळ्यात कोठून उपजल्या? त्या होत्याच. हळदीकुंकवाचे आवतण घरोघर जाऊन द्यावे लागते. देवळाच्या भिंतीवर ‘सर्वांनी यावे’ लिहिले तर किती येतील? २०१० साली मरिना झुराखिन्स्काया यांनी ते काम पुन्हा उभे केले, प्रत्येक नवखीला शिकविणारा जाणता माणूस जोडून दिला. आता त्याला ‘आउटरीची’ म्हणतात. भारतातल्या मुलीही त्यातून पुढे आल्या.

माझी मुलगी अशाच एका मंडळीत गेली. प्रोग्रामातील शब्दांचे मराठी करण्याचे काम होते. सहा महिने ती नुसती दुसऱ्यांची पत्रे वाचीत होती. अखेर तीन शब्द सुधारून पाठविले. आठ दिवस उत्तर नाही. “आई, माझेच चुकले असेल,” म्हणून तिने जेवताना ताट सरकविले. मला राग आला, पण रागवायचे कोणावर? नवव्या दिवशी एका अनोळखी बाईचे उत्तर आले. दोन शब्द घेतले, तिसरा पुन्हा पाहा, म्हणून.

तिसरा शब्द नको असलेली कागदपत्रे टाकण्याच्या जागेचा होता. तिने काहीतरी जड संस्कृत लिहिले होते. मला विचारू लागली, तेव्हा मी म्हटले, “अगं, आपण घरात केराची टोपली म्हणतो ना?” तिने तेच लिहून पाठविले.