द्रव्य, मोल आणि प्रतिनिधी : उधन्यातील खानदेशी विधींच्या निमित्ताने

कोणत्याही धार्मिक विधीची तीन अंगे असतात : उच्चारायचे मंत्र, हातांनी करायची क्रिया आणि अर्पण करायचे द्रव्य. यांपैकी मंत्र आणि क्रिया शिकाव्या लागतात, द्रव्य मात्र विकत आणावे लागते. त्यामुळे सोने, रत्ने, गाय किंवा रेशमी वस्त्र यांची अपेक्षा करणारा विधी सामान्य माणसाने पार कसा पाडावा, हा प्रश्न भारतीय विधिशास्त्रापुढे फार प्राचीन काळापासून उभा आहे. या प्रश्नाचे शास्त्राने दिलेले उत्तर आणि लोकांनी प्रत्यक्षात शोधलेली वाट या दोहोंचा माग घेण्यासाठी सुरत शहराच्या दक्षिण भागातील उधना आणि त्याला लागून असलेला लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीचा परिसर हे उत्तम क्षेत्र आहे.

मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावरील उधना हे जंक्शन आहे आणि जळगावकडे जाणारा तापी खोऱ्यातील फाटा येथूनच फुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीने घातलेल्या या मार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर यांसारखी गावे सुरतेशी जोडली गेली. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात उधना आणि पांडेसरा येथे यंत्रमाग, रंगाई आणि छपाईचे कारखाने वाढले, तेव्हा दुष्काळाने व तुटपुंज्या कोरडवाहू शेतीने गांजलेली खानदेशातील हजारो कुटुंबे याच मार्गाने येथे येऊन स्थिरावली. महापालिकेच्या मराठी शाळा आणि घराघरांत बोलली जाणारी अहिराणी ही त्या स्थलांतराची आजची खूण आहे. या कुटुंबांनी आपल्याबरोबर कुलाचारही आणले, आणि ते मजुरीच्या उत्पन्नात भाड्याच्या खोलीत पाळायचे असल्याने द्रव्याचा प्रश्न त्यांच्यापुढे रोजच्या व्यवहाराइतका ठोस होता.

मूळ द्रव्य मिळत नसेल तेव्हा त्याच्या जागी योजलेल्या द्रव्याला ‘प्रतिनिधी’ म्हणतात. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायात त्याची सविस्तर चर्चा आहे. यज्ञासाठी भात मिळाला नाही तर नीवार म्हणजे रानभात चालतो, सोमवल्ली मिळाली नाही तर पूतीका नावाची वनस्पती चालते. मात्र देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नसतो, आणि जे द्रव्य मुळातच निषिद्ध ठरवले आहे ते प्रतिनिधी म्हणूनही घेता येत नाही. बदल होऊ शकतो तो फक्त द्रव्यात, आणि तोही मूळ द्रव्याशी साम्य राखून.

धर्मशास्त्रकारांनी यात आणखी एक मोलाचा भेद केला. नित्य कर्म म्हणजे केलेच पाहिजे असे, नैमित्तिक म्हणजे प्रसंग आला की करावे लागणारे, आणि काम्य म्हणजे एखादी इच्छा मनात धरून केलेले कर्म. पहिल्या दोहोंत प्रतिनिधीला मोकळीक आहे, कारण गरिबीमुळे कर्तव्य बुडता कामा नये. काम्य कर्माचा आरंभ मात्र प्रतिनिधीने करता येत नाही, कारण इच्छा बाळगणाऱ्याने तिचे पूर्ण मोल मोजले पाहिजे. याच्याच जोडीला ‘वित्तशाठ्य’ म्हणजे ऐपत असूनही खर्चात केलेली लबाडी हा दोष मानला गेला. म्हणजे सवलत होती, पण ती गरजूसाठी होती.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री असलेल्या हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथातील दानखंडात सोळा महादानांचे वर्णन केले आहे. त्यांपैकी तुलापुरुषदानात दात्याच्या भारंभार सोने दिले जाते. शिवाजी महाराजांच्या 1674 मधील राज्याभिषेकप्रसंगी अशी सुवर्णतुला झाली होती. हे एक टोक झाले. दुसऱ्या टोकाला गोदानाऐवजी गाईचे मोल देण्याची, म्हणजे ‘निष्क्रया’ची, सोय होती. कलशात घालायची पंचरत्ने म्हणजे सोने, हिरा, नीलमणी, माणिक आणि मोती. ती नसतील तर त्यांच्या जागी केवळ सोने घालावे, असेही सांगितले गेले. आज सोन्याच्या जागी नाणे पडते आणि पूजासाहित्याच्या दुकानात पंचरत्नांची कागदी पुडी मिळते, जिच्यात रंगीत खड्यांचे बारीक कण असतात. ज्या सुरतेत जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू पडतात, तेथील कामगाराच्या घरच्या कलशातही हिऱ्याची जागा हीच पुडी घेऊ शकते. पूजेत अलंकार नसले तर पुरोहित अलंकारांचे नाव घेऊन अक्षता वाहायला सांगतो. उणीव लपवली जात नाही, ती नावानिशी उच्चारूनच भरून काढली जाते.

शास्त्राचा हा विवेक ग्रंथ न वाचलेल्या घरांतही कसा मुरला आहे, हे कानबाईच्या उत्सवात दिसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाईची स्थापना होते आणि उधना परिसरातील वस्त्याही त्या दिवशी अहिराणी गाण्यांनी जागतात. देवी म्हणजे नारळ. त्याला डोळे, नथ, दागिने आणि वस्त्र यांनी सजवतात, आणि कित्येक घरांत हा नारळ वर्षानुवर्षे जपलेला असतो. घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ या मापाने धान्य घेऊन त्याच्या पिठाचे ‘रोट’ करतात, आणि ते कुटुंबाने व भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे असतात. येथे द्रव्याचे दोन वर्ग स्पष्ट दिसतात. रोट संपण्यासाठीच असतात, तर नथ आणि दागिने एका दिवसापुरते देवीचे होऊन पुन्हा घरच्या डब्यात परततात. माप पैशात नसून मुठीत असल्याने श्रीमंत आणि गरीब यांचा रोट एकाच हिशेबाने ठरतो.

हाच भेद एका अगदी वेगळ्या क्षेत्रात स्वतंत्रपणे उमटला आहे. टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांच्या भूमिका खेळण्याच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळाची सुरुवात 1974 मध्ये झाली, आणि गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलेल्या 1978 च्या नियमपुस्तकात प्रत्येक जादूमंत्राला शब्द, हातवारे आणि सामग्री या तीन अंगांपैकी लागतील ती नेमून दिली गेली. 2014 च्या आवृत्तीत ज्या सामग्रीला किंमत नेमून दिलेली नाही तिच्या जागी सामग्रीची थैली किंवा जादूची कांडी चालते. परंतु किंमत नमूद केली असेल तर ती वस्तूच जवळ असावी लागते. वस्तूचे गुणधर्म ओळखण्याच्या मंत्राला शंभर सुवर्णमुद्रांचा मोती लागतो आणि तो शिल्लक राहतो, तर मृताला उठवणाऱ्या मंत्राला पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि तो खर्ची पडतो. मृत्यू उलटवण्याइतकी मोठी इच्छा स्वस्तात पुरी झाली तर खेळातील मरणाला वजनच उरणार नाही, म्हणून तेथे सवलत नाही. काम्य कर्माबाबत धर्मशास्त्रकारांनी घेतलेली भूमिका याहून फार दूर नाही. फरक पडतो तो ऐपतीच्या विचारात. खेळातला दर सर्वांना सारखाच असतो, तर धर्मशास्त्राने द्रव्याचे मोल देणाऱ्याच्या शक्तीशी जोडले.

उधन्याच्या कामगार वस्तीने या विचाराला व्यवहारात उतरवले. सुरतेची जर हे त्याचे चांगले उदाहरण आहे. खऱ्या जरीत चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्याभोवती गुंडाळतात आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा चढवतात. नकली जरीत चांदीऐवजी तांबे येते, आणि सर्वांत स्वस्त जरीत धातूचा लेप दिलेली प्लास्टिकची पट्टी असते. स्वस्त जरीची साडी देवीला नेसवणारी गृहिणी शास्त्राच्या भाषेत प्रतिनिधी योजत असते, आणि तिच्या ऐपतीत दुसरे काही नसेल तर तिच्या पूजेत उणे काहीच राहत नाही. स्थलांतरित समाजाचे कुलाचार तीन-चार पिढ्या टिकले याचे श्रेय बऱ्याचदा केवळ श्रद्धेला दिले जाते. त्या श्रद्धेला परवडेल असा मार्ग आखून देणाऱ्या, कर्तव्याला सवलत आणि इच्छेला पूर्ण मोल अशी वाटणी करणाऱ्या विधिविचारालाही त्या श्रेयातील न्याय्य वाटा मिळाला पाहिजे.