मेलेल्या हाडापर्यंत औषध

बंगळूरच्या व्हिक्टोरिया रुग्णालयाचे उद्घाटन १९०० साली लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते झाले, तेव्हा हाडात पू झालेल्या रुग्णाचा सडका भाग खरवडणे, जखम उघडी ठेवून धूत राहणे आणि तेवढ्याने भागले नाही तर अवयव कापणे, हाच जगभरचा क्रम होता. प्रतिजैविके, म्हणजे जीवाणूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी औषधे, आल्यावर पुष्कळ अवयव वाचले. तरीही जुनाट अस्थिमज्जाशोथ, म्हणजे हाडातला मुरलेला संसर्ग, हटता हटेना, कारण मेलेल्या हाडाला रक्तपुरवठा उरत नाही आणि शिरेतून दिलेले औषध तर रक्ताच्याच वाटेने जाते.

औषधे देशातच बनवण्यासाठी पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि तिच्याच भागीदारीतून १९८१ साली बंगळूरला कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स उभी राहिली. परंतु कुपीतले औषध हाडाच्या पोकळीत टिकवायचे कसे, हा प्रश्न कारखान्याच्या आवाक्यातला नव्हता.

त्याची वाट जर्मनीत निघाली. बुखहोल्ट्झ आणि एंगेलब्रेख्ट या शल्यचिकित्सकांनी १९७० साली बोन सिमेंटमध्ये, म्हणजे कृत्रिम सांधा पक्का बसवणाऱ्या ॲक्रिलिक लुकणात, जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळल्याचे प्रसिद्ध केले. भुकटी आणि द्रव कालवले की हे लुकण काही मिनिटांत तापून घट्ट होते. ती उष्णता कित्येक औषधांना सोसत नाही, जेंटामायसिनला सोसते. पुढे शल्यचिकित्सक क्लेम यांनी त्याच लुकणाचे मणी तारेत ओवून पोकळीत ठेवण्याची पद्धत रूढ केली. भारतात तयार माळेऐवजी शस्त्रक्रियागृहातच सिमेंटमध्ये औषधाची भुकटी कालवून, लुकण घट्ट होण्याच्या आत मणी वळून ते तारेवर ओवण्याचा प्रघात पडला. या हातकसबाची वैद्यकाच्या इतिहासात व्हावी तेवढी नोंद झालेली नाही.

हे मणी विरघळत नसल्याने ते काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते, आणि औषध ओसरल्यावर त्यांच्याच पृष्ठभागावर जीवाणू ठाण मांडू शकतात. म्हणून शरीरात जिरणाऱ्या कॅल्शियम सल्फेटकडे पुन्हा लक्ष गेले. पुन्हा अशासाठी, की शल्यचिकित्सक ड्रेसमन यांनी १८९२ सालीच हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने, म्हणजे कॅल्शियम सल्फेटनेच, भरल्या होत्या.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत धातुशास्त्राचा विभाग १९४५ पासून असला, तरी हाडाला पर्याय ठरणाऱ्या पदार्थांचे संशोधन तिथे बऱ्याच उशिरा बहरले. बिक्रमजित बसू यांच्या गटाने हाडातल्या खनिजासारख्या हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या मिश्रणांवर काम करताना चुंबकीय क्षेत्राने जीवाणूंची वाढ रोखता येते का, हेही प्रयोगशाळेत तपासले. औषधांना न जुमानणारे जीवाणू वाढत असताना, पदार्थात कोणते औषध भरावे यापेक्षा औषधावाचून कितपत भागेल, हा प्रश्न त्यामागे आहे.