पाडलेल्या किल्ल्याची राजधानी : लक्झेंबर्ग

११ मे १८६७ रोजी लंडन येथे झालेल्या तहाने युरोपातील एक अत्यंत बळकट किल्ला जमीनदोस्त करण्याचे ठरले, आणि ज्या शहराला तो चहूबाजूंनी वेढून होता त्या लक्झेंबर्गचे आजचे रूप, म्हणजे त्याच्या बागा, रुंद रस्ते, दरीवरील पूल आणि खडकातील भुयारे, या तहातून व त्याच्या बऱ्याच सैल अंमलबजावणीतून घडत गेले. फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनी यांच्या बेचक्यात सापडलेली, सुमारे १,३०,००० वस्तीची ही राजधानी बँकांचे आणि युरोपीय संस्थांच्या कचेऱ्यांचे गाव म्हणून ओळखली जाते, त्यामुळे पॅरिसहून ऱ्हाइनकडे जाणारा प्रवासी येथे फार तर अर्धा दिवस थांबतो. तेवढ्या वेळात तो जे पाहतो ते बहुतांशी एका अर्धवट राहिलेल्या पाडकामाचे अवशेष असतात, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

किल्ल्याची जागा निसर्गानेच निवडून ठेवली होती. आल्झेट आणि पेत्रूस या दोन लहान नद्यांनी वालुकाश्माचे पठार खोल कापून काढले असून त्यांच्या दऱ्यांमध्ये बॉक नावाचा एक अरुंद सुळका पुढे आलेला आहे. हा सुळका काउंट सीगफ्रीड याने ९६३ साली ट्रियर येथील संत माक्सिमिन मठाकडून जमिनीच्या अदलाबदलीत मिळवला आणि त्यावर गढी बांधली. १४४३ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने शहर जिंकले, त्यानंतर ते स्पेनच्या हॅब्सबर्ग राजांकडे गेले, १६८४ मध्ये चौदाव्या लुईच्या सैन्याने ते वेढा घालून घेतले, पुढे ऑस्ट्रियाने, पुन्हा फ्रान्सने आणि १८१५ नंतर प्रशियाच्या शिबंदीने तेथे ठाण मांडले. यांपैकी प्रत्येकाने आधीच्याचे बांधकाम मोडण्याऐवजी त्यात भर घातली, आणि जो सेनानी १६८४ चा वेढा चालवत होता तो वोबाँ हा दुर्गस्थापत्याचा विख्यात फ्रेंच अभियंताच शहर हाती येताच त्याची तटबंदी नव्याने बांधू लागला. अखेरीस तटांची तीन वेढणी, २४ छोटे दुर्ग आणि इतर अनेक मोर्चे यांनी सुमारे १८० हेक्टर जमीन व्यापली, तर नागरिकांच्या वाट्याला जेमतेम १२० हेक्टर उरली.

या साऱ्या बांधकामाचा गाभा जमिनीखाली होता. केसमेट म्हणजे खडकात किंवा तटाच्या पोटात खोदलेले, वरून पडणाऱ्या तोफगोळ्यांना दाद न देणारे दालन. त्याच्या झरोक्यातून तोफ डागता येते आणि आडव्या भुयारांनी एका मोर्चाचे मनुष्यबळ दुसऱ्याकडे हलवता येते. लक्झेंबर्गमध्ये पहिले केसमेट स्पॅनिश राजवटीत १६४४ च्या सुमारास खोदले गेले, बॉकच्या पोटातील मोठी खोदाई ऑस्ट्रियन अभियंत्यांनी १७४५-४६ मध्ये केली, आणि शेवटी भुयारांची एकूण लांबी २३ किलोमीटरवर गेली. एकट्या बॉकमध्ये ५० तोफा व १,२०० सैनिक यांची सोय होती. त्यांच्याबरोबर भटारखाने, खाटीकखाने, कारखाने आणि घोड्यांच्या पागाही जमिनीखालीच होत्या, यावरून हे भुयार केवळ लपण्याची जागा नसून सूर्यप्रकाश वगळता जवळजवळ सर्व काही असलेले गाव होते असे म्हणता येईल. १७९४-९५ मध्ये फ्रेंच क्रांतिसैन्याने सुमारे सात महिने वेढा दिला तरी तटाला खिंडार पडले नाही; ऑस्ट्रियन शिबंदीने शरणागती पत्करली ती रसद संपल्यामुळे.

किल्ला लढता असतानाही शहर पाहणारे होते. व्हाल्मीच्या लढाईनंतर माघार घेणाऱ्या प्रशियन सैन्याबरोबर १७९२ मध्ये जर्मन कवी गटे येथे आला होता आणि दरी, तट, बुरूज व बागा यांची एकमेकांत झालेली गुंतागुंत पाहून थक्क झालेल्या गटेने तिची रेखाटनेही केली. इंग्रज चित्रकार टर्नर याने पुढे याच कड्यांची जलरंगचित्रे काढली. तेथील रहिवाशांना मात्र ही शोभा महागात पडत होती, कारण तटाबाहेरील पट्टा तोफांच्या माऱ्यासाठी मोकळा ठेवण्याची लष्कराची सक्ती होती. १८५९ मध्ये रेल्वे आली तेव्हा स्थानक शहराबाहेरच्या पठारावर बांधावे लागले, तेही लाकडाचे, म्हणजे युद्धप्रसंगी ते झटपट उतरवता यावे. आणि स्थानकापासून शहरापर्यंत पोहोचण्यासाठी पेत्रूसच्या दरीवर २४ कमानींचा लांबलचक पूल उभारावा लागला, जो आजही वापरात आहे.

अशा किल्ल्याचा शेवट लढाईत झाला नाही, सौद्यात झाला. १८१५ पासून लक्झेंबर्ग ही स्वतंत्र ग्रँड डची, म्हणजे ड्यूकची पदवी धारण करणाऱ्या राजाचे राज्य, असली तरी तिचा ड्यूक नेदरलँड्सचा राजा होता आणि किल्ल्यात जर्मन राज्यसंघाच्या वतीने प्रशियन फौज होती. १८६६ मध्ये तो राज्यसंघ मोडला तेव्हा फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने ५० लाख गिल्डर देऊन ही डची विकत घेण्याचा घाट घातला आणि राजा तिसरा विल्यम त्याला राजीही झाला. परंतु जर्मनीत संतापाची लाट उसळली, प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने विरोध केला आणि युद्ध दाराशी येऊन ठेपले. लंडनच्या तहाने तोडगा काढला तो असा की, डची तटस्थ राहावी, प्रशियाने शिबंदी काढून घ्यावी आणि ज्या किल्ल्यावरून तंटा झाला तो किल्लाच नाहीसा व्हावा.

तहातील पाचव्या कलमात मात्र मोठी मेख होती. पाडकाम राजाला पुरेसे वाटेल तेवढे करायचे होते आणि ते करताना रहिवाशांच्या हिताची काळजी घ्यायची होती. कोणता बुरूज कधी पडावा याची यादी कोणी दिली नव्हती. कामाला १६ वर्षे लागली, १८८३ पर्यंत ते चालले आणि त्यावर सुमारे १५ लाख सुवर्ण फ्रँक खर्च झाले, ज्याचा भार शेजारच्या महासत्तांनी नव्हे तर या चिमुकल्या देशाने सोसला. वरचे तट सुरुंगांनी उडवणे सोपे होते, पण भुयारांच्या डोक्यावर घरे होती आणि ती उडवली तर अर्धे शहर दरीत कोसळले असते. म्हणून मुख्य जोडभुयारे व तोंडे बंद करून काम उरकण्यात आले, आणि २३ पैकी सुमारे १७ किलोमीटर भुयारे त्यामुळे शाबूत राहिली. याहून मौजेची गोष्ट बॉकवर दिसते. तेथे ‘पोकळ दात’ या नावाने ओळखला जाणारा, वरून फुटक्या दाढेसारखा भासणारा एक बुरूज उभा आहे, आणि मध्ययुगीन गढीचा अवशेष समजून प्रवासी त्याचे छायाचित्र घेतात. प्रत्यक्षात तो नंतरच्या काळातील तटबंदीचा तुकडा असून पाडकाम करणाऱ्यांनीच त्याला जुन्या गढीच्या भग्नावशेषाचा आकार देऊन ठेवला. ज्या किल्ल्याने शहराला इतकी वर्षे जखडून ठेवले होते त्याची आठवण, किल्ला पुरता पडण्याआधीच, सजवायला सुरुवात झाली होती. त्याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भग्नावशेष हा बागेच्या सौंदर्याचा भाग मानला जात होता.

मोकळ्या झालेल्या जमिनीवर फ्रेंच उद्यानरचनाकार एद्वार आंद्रे याच्या आराखड्याने उद्याने झाली आणि जुन्या शहराभोवतीचा हिरवा पट्टा तटाच्या वळणानेच वळत गेला. दक्षिणेकडील पठारावर, जेथे पूर्वी बूर्बाँ दुर्ग होता, तेथे नवी वस्ती वसली आणि तिला जुन्या शहराशी जोडणारा अडॉल्फ पूल १९०० ते १९०३ या काळात पॉल सेजुर्ने या फ्रेंच अभियंत्याने बांधला, ८४.६५ मीटर लांबीची त्याची मधली कमान दगडी कमानींमध्ये त्या वेळी जगात सर्वांत मोठी होती. तोफांना मारा करता यावा म्हणून तटापुढे ठेवलेल्या मोकळ्या उताराला ग्लासी म्हणतात, आणि त्याच नावाच्या मैदानावर आता दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस शुबरफोअर ही जत्रा भरते, जी आंधळा जॉन या नावाने प्रसिद्ध असलेल्या काउंटने १३४० मध्ये सुरू केली होती. वर्षाच्या उरलेल्या बहुतेक दिवसांत तेथे मोटारी उभ्या असतात.

केसमेट १९३३ पासून प्रवाशांसाठी खुले झाले, पण सात वर्षांच्या आतच जर्मन ताबा आला आणि ते पुन्हा मूळ कामी लागले : दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांपासून ३५,००० माणसांना आश्रय देण्याची व्यवस्था या भुयारांत होती. १९४८ मध्ये देशाने तटस्थतेचे धोरण अधिकृतपणे सोडले, तेव्हा १८६७ च्या मांडणीचा पायाच निघून गेला. १९९४ मध्ये जुने मोहल्ले आणि उरलेली तटबंदी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. किर्शबर्ग पठाराच्या कडेला ऑस्ट्रियनांनी बांधलेला थ्युंगेन दुर्ग पाडकामात पायापर्यंत गेला होता आणि त्याचे केवळ तीन गोल बुरूज, त्यांच्या शेंड्यावरील सोनेरी ओक फळांसह, शिल्लक राहिले होते. गेल्या शतकाच्या अखेरीस त्याचे बाहेरचे तट जुन्या पायावर पुन्हा उभारण्यात आले, त्यांच्याच बाणाच्या आकाराला धरून आय. एम. पेई यांनी आधुनिक कलेचे संग्रहालय रचले, जे २००६ मध्ये उघडले, आणि २०१२ मध्ये खुद्द दुर्गात किल्ल्याच्या इतिहासाचे संग्रहालय सुरू झाले. तहाने ज्या तटबंदीच्या पुनर्बांधणीला मनाई केली होती ती अशा रीतीने सरकारी खर्चाने, दिमाखात आणि कोणाचाही आक्षेप न येता उभी राहिली आहे.