पान्हा आणि मळमळ

गेल्या वर्षीं आमची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. पांचव्या दिवसापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. मूल अंगावर घेतलें, त्यानें थोडा वेळ ओढलें, कीं तिला एकदम मळमळूं लागे. तोंडाला पाणी सुटे, कपाळावर घाम येई, आणि तीन-चार मिनिटांत सर्व निवळे. दिवसांतून दहा वेळां पाजावयाचें म्हणजे दहा वेळां ही परीक्षा. बाळंतिणीच्या देखरेखीला आमच्या आत्याबाई होत्या. त्यांनीं सहज म्हटलें, "अगं, पान्हा फुटतांना आईला भरून यावं, तुला उमासे कसे येतात?" बोलण्यांत कांहीं वाकडें नव्हतें, पण मुलगी त्या रात्रीं रडली, आणि दुसऱ्या दिवशीं "वरचंच दूध सुरू करूं या" असें म्हणूं लागली. तिला धास्ती मळमळीची नव्हती; आपल्याला माया कमी आहे कीं काय, याची होती.

आम्ही वैद्य नव्हों. इतिहास शिकविण्यांत तीस वर्षें गेल्यामुळें कोणत्याहि समजुतीचें मूळ शोधण्याची खोड मात्र लागली आहे. तेव्हां पान्हा आणि माया यांची गांठ कोठें पडली व ती कोणीं सोडविली, हें पाहण्यास आम्ही बसलों.

आपल्या भाषेंत 'पान्हा' हा शब्द मोठा नेमका आहे. दूध तयार होणें निराळें आणि तें उतरणें निराळें, हा भेद त्यांत आहे. गाय पान्हा चोरते असें गवळी म्हणतो, तेव्हां कासेंत दूध आहे पण ती सोडीत नाहीं, एवढेंच त्याला म्हणावयाचें असतें. म्हणून तो आधीं वासरूं लावतो. आणि वासरूं मेलेंच, तर त्याच्या कातड्यांत पेंढा भरून तें गाईपुढें उभें करतो. पेंढ्याला पाहूनहि गाय पान्हावते, यांतला अर्थ गवळ्याला कळला होता. पंडितांनीं तिकडे फारसें पाहिलें नाहीं.

सुश्रुतानें निदानस्थानांत सांगितलें आहे कीं, अपत्याच्या स्पर्शानें, दर्शनानें, नुसत्या स्मरणानेंहि स्तन्य वाहूं लागतें, आणि निरंतर स्नेह हें त्याचें कारण. स्पर्श, दर्शन, स्मरण हें निरीक्षण आजहि जसेंच्या तसें खरें आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानांत स्तन्य नाहींसें होण्याचीं कारणें सांगतांना क्रोध व शोक यांच्या पंक्तीला 'अवात्सल्य' येऊन बसतें, आणि तेथें निदानाचा आरोप होतो. पुढें संतांनीं देवाला माउली म्हणतांना पान्ह्याची उपमा इतक्या प्रेमानें वापरली कीं, पान्हा म्हणजेच माया हें समीकरण घरोघर रुजलें. काव्य म्हणून त्याहून गोड कांहीं नाहीं. बाळंतिणीच्या खोलींत मात्र तें जपून न्यावें.

ही गांठ सुटूं लागली ती विसाव्या शतकांत, आणि ती जनावरांच्या साहाय्यानें. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथि असते. तिच्या मागच्या भागाच्या अर्कानें मांजरीचें गर्भाशय आकुंचन पावतें, असें हेन्री डेल यांना 1906 सालीं लंडनमध्यें आढळलें. 1910 सालीं ऑट व स्कॉट या अमेरिकनांनीं त्याच अर्कानें शेळीचें दूध वाहतें केलें. 1941 सालीं एली व पीटरसन यांनीं गाईंवर केलेले प्रयोग तर मोठे मौजेचे आहेत. दूध काढण्याच्या वेळीं त्यांनीं गाईच्या पाठीवर मांजर ठेवलें, शेजारीं कागदी पिशव्या फुगवून फोडल्या; गाय भ्याली आणि पान्हा आटला. भयानें अंगांत जें अ‍ॅड्रेनलिन उसळतें, तें नुसतें टोचलें तरी तोच परिणाम. कासेच्या अर्ध्या भागाच्या शिरा तोडल्या तरी दूध दोन्ही भागांतून उतरलें. म्हणजे निरोप रक्तांतून येतो, हें ठरलें. येथें 'शिरा' म्हणजे संवेदना नेणारे मज्जातंतु.

माणसाच्या बाबतींत तोच प्रयोग 1948 सालीं नाइल्स न्यूटन व त्यांचे डॉक्टर पति मायकेल न्यूटन यांनीं केला. प्रयोगांतील माता एकच, खुद्द नाइल्सबाई. मूल सात महिन्यांचें. पाजतांना कधीं त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यांत ठेवीत, कधीं पायाचा अंगठा अवचित दुखेल असा ओढीत, कधीं गणितें घालीत आणि उत्तर चुकल्यास विजेचा झटका देत. (गणिताचा समावेश वाचून आमचे विद्यार्थी खूष होतील.) स्वस्थ बसून पाजलें असतां मुलाला सरासरी 168 ग्रॅम दूध मिळे, असा व्यत्यय आणला कीं 99, आणि व्यत्यय असूनहि पिट्युटरीचें द्रव्य टोचलें कीं 153. वाचकांनीं या तीन आंकड्यांपाशीं क्षणभर थांबावें. अंगठा ओढल्यानें आईची माया पांच मिनिटांत निम्म्यावर येत नाहीं, आणि सुईनें ती परत भरतां येत नाहीं.

त्या द्रव्याचें नांव ऑक्सिटोसिन. 1953 सालीं व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनीं तें प्रयोगशाळेंत बनविलें, आणि 1955 सालीं त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पाजतांना पहिल्या दिवसांत ओटीपोटांत कळा येतात, हें प्रत्येक बाळंतिणीला ठाऊक असतें. त्याहि याच द्रव्याच्या. औषध म्हणून टोचल्यास मळमळ व वांती हे त्याचे नोंदलेले दुष्परिणाम आहेत. मग तेंच द्रव्य अंगांत उसळतांना एखादीला मळमळलें, तर तिच्या वात्सल्याची झडती कां घ्यावी?

तरीहि याविषयीं मातांचें बोलणें शास्त्राच्या कानीं पोंचण्यास फार काळ लागला. अ‍ॅलिया मॅक्रिना हाइज या अमेरिकन बाईंना पान्हा उतरण्याच्या क्षणभर आधीं खोल उदास वाटे, आणि कांहीं मिनिटांत तें ओसरे. त्यांनीं या अवस्थेला नांव दिलें, तशा इतर माता शोधल्या, आणि 2011 सालीं सहकारी बाईंसह शास्त्रीय नियतकालिकांत त्यावर लेख लिहिला. कित्येकींना त्याबरोबर पोटांत ढवळतें. आमच्या मुलीला उदासी नव्हती, नुसती मळमळ होती. पण घड्याळ तेंच. नाइल्सबाई काय किंवा हाइजबाई काय, दोघींनीं स्वतःच्या अंगावरचा अनुभव मांडला तेव्हां हा इतिहास पुढें सरकला, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

हें सर्व आम्हीं मुलीला सांगत असतां आत्याबाई जपमाळ घेऊन दाराशीं बसल्या होत्या. त्या मध्येंच म्हणाल्या, "मला दोन्ही वेळां व्हायचं. पण सांगणार कुणाला?" माळ पुन्हा फिरूं लागली.

डॉक्टरीणबाईंनीं तपासून ताप वगैरे कांहीं नसल्याची खात्री करून घेतली. वांती थांबत नसेल, ताप येत असेल, डोकें फार दुखून डोळ्यांपुढें अंधारी येत असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा, असें त्यांनीं बजावलें. बाकी उपाय साधे निघाले. लोहाची गोळी उपाशीं पोटीं चालली होती, ती जेवणानंतर गेली. पाजण्यापूर्वीं चार घांस पोटांत आणि हाताशीं पाणी; पाठीला लोड; ओव्या-शेपांची धुरी बंद आणि खिडकी उघडी. डिंकाचे लाडू सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतरच. मळमळ आली कीं तिनें घड्याळाकडे पाहावें, असें आम्हीं सुचविलें. ती चार मिनिटांत जाते हें डोळ्यांनीं दिसलें, कीं धीर येतो.

दीड महिन्यानें ती थांबली. नेमकी केव्हां, हें मुलीला सांगतां येईना. आत्याबाई मात्र त्यानंतरहि आठवडाभर पाजावयाच्या वेळीं साळीच्या लाह्यांची वाटी तिच्या उशाशीं नेऊन ठेवीतच होत्या.