वीस दिवसांचे पाणी : पुण्यातील फिश टँकचा इतिहास

१/
आजच्या धाग्यात ना लढाई आहे, ना तह. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेली काचेची टाकी, तिच्यातले पाणी आणि ते पाणी माशांना मानवेपर्यंत लागणारे वीसेक दिवस, एवढाच विषय आहे. या वीस दिवसांचा शोध कसा लागला हे पाहताना कल्याणीचे चालुक्य, पेशव्यांचे हौद, पुण्यातला एक इंग्रज लष्करी अधिकारी आणि पॅरिसचे सांडपाणी अशी बरीच मंडळी वाटेत भेटतात. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आरंभ एका अपयशापासून करतो. मी दहा वर्षांचा असताना घरी दोन फुटी टाकी आली. रविवारी सकाळी वाळू धुतली, नळाचे पाणी भरले आणि संध्याकाळी सहा गोल्डफिश सोडले. पुढच्या रविवारपर्यंत एकही उरला नाही. दुकानदाराने पाण्याला दोष दिला, आजीने दृष्टीला. आईने टाकी पालथी करून माळ्यावर ठेवली. दोष पाण्याचाच होता, पण ते घाण होते म्हणून नव्हे, तर फार नवे होते म्हणून. हे मला कळायला वीस वर्षे लागली आणि जगाला त्याहून पुष्कळ अधिक.

३/
मासा न्याहाळण्याची हौस दख्खनला नवी नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३०च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे वास्तव्य आणि त्यांना घालायचे खाद्य यांची तेथे बारकाईने नोंद आहे. अर्थात राजाचा विनोद गळ टाकून मासा धरण्याचा होता. तरी कोणता मासा काय खातो हे लिहून ठेवावेसे वाटणे, हीच मासे पाळण्याची पहिली पायरी.

४/
आता पुणे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरात आणले गेले. हे पाणी केवळ उतारावर धावत नसे. वाटेत गाळ खाली बसावा अशी योजना होती आणि नळातली हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी उभे उच्छ्वास बांधले होते. शनिवारवाड्याची कारंजी आणि पेठांतले हौद याच पाण्यावर चालत. फडके हौद, काळा हौद ही नावे आजही पत्त्यात लिहिली जातात. गाळ बसू देणे आणि पाण्याला हवा देणे ही दोन तत्त्वे आजच्या फिल्टरमध्ये जशीच्या तशी आहेत. तिसरे तत्त्व मात्र तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

५/
पेशवाई बुडाल्यावर काही वर्षांतच या धाग्याचा मुख्य पुरुष पुण्यात येतो. विल्यम हेन्री साइक्स, कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती जमवण्याच्या कामावर नेमले. पिके, वजनमापे, पाऊस, लोकसंख्या हे त्याचे सरकारी काम. पक्षी, प्राणी आणि मासे हा त्याचा छंद. १८३१मध्ये तो मायदेशी परतला आणि १८३८–३९मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या माशांचा वृत्तांत मांडला. पुढे १८४१मध्ये तो चित्रांसह छापला गेला. त्यात ४६ जाती आहेत. मुळा-मुठा, भीमा, इंद्रायणी या आपल्याच नद्यांतल्या.

६/
साइक्सने नावे कशी दिली ते पाहण्यासारखे आहे. त्या काळचे युरोपीय शास्त्रज्ञ नव्या जातीला मित्राचे, आश्रयदात्याचे किंवा लॅटिन विशेषण देत. साइक्सनेही काही ठिकाणी तेच केले. पण अनेक माशांना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचे नावच शास्त्रीय नाव म्हणून ठेवले. खुद्री, कोळस, मल्या, मुरे, अळकुटी, पोटेल. इंद्रायणीतल्या एका माशाच्या नाकाडावर खोल खाच असते, त्याचे नाव ‘नुक्ता’. त्यात मराठी माणसाला ‘नकटा’ हा शब्द ऐकू आल्यावाचून राहत नाही. पुढे फ्रान्सिस डे याने १८७२मध्ये पुण्यातूनच एक मुरीसारखा लहानगा मासा वर्णिला, त्याला मात्र कर्नल इव्हेझार्डचे नाव मिळाले.

७/
खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, साइक्सला मिळाला तो पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर. नदीचे नाव त्याने ‘मोटा मोला’ असे लिहिले आहे. ती आपली मुळा-मुठा. आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात या माशाची चिठ्ठी लिहायची झाली, तर मूळ स्थान म्हणून हीच नदी लिहावी लागते. ज्या भोई-कोळ्यांनी ही नावे सांगितली असतील, त्यांची नावे मात्र छापली गेली नाहीत. दफ्तराचा हा जुना रिवाज आहे.

८/
इकडे ही नावे छापली जात होती, तेव्हा मासा जिवंत ठेवण्याचे कोडे लंडनमध्ये सुटत होते. १८४५ साली इंग्लंडमधला काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८४६मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी समुद्रातले प्रवाळ लंडनच्या घरात आणून वाढवले. पाण्याला हवा मिळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. जगातला पहिला एअर पंप हा त्या अनामिक मोलकरणीचा हात होता, असे म्हणायला हरकत नाही.

९/
गोड्या पाण्याचा खरा प्रयोग रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाचा. मे १८४९मध्ये त्याने बारा गॅलनच्या काचपात्रात वाळू-चिखल, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि दोन गोल्डफिश ठेवले. (ही वनस्पती आपल्याकडच्या संथ पाण्यातही वाढते.) काही दिवसांनी कुजक्या पानांनी पाणी गढूळले. मग त्याने तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या, त्यांनी सडका पाला खाल्ला आणि पाणी निवळले. मार्च १८५०मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीला सांगितले. वनस्पती प्राणवायू देते, मासा तिला खत देतो, गोगलगाय झाडलोट करते. चित्र इतके सुबक की १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि घरोघरी टाक्यांची साथ आली. बहुतेक मासे मेले. माझे मेले तसेच.

१०/
कारण चित्रात एक पात्र कमी होते. ते सापडले १८७७मध्ये, पॅरिसमध्ये, आणि तेही माशांच्या शोधात नव्हे. श्लोझिंग आणि म्युंट्झ हे दोन शास्त्रज्ञ मातीतून झिरपताना मैलापाणी शुद्ध कसे होते हे तपासत होते. मीटरभर लांबीच्या नळीत त्यांनी वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी सोडत राहिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही, वरून अमोनिया आत जाई आणि खालून अमोनियाच बाहेर येई. मग अमोनिया घटू लागला आणि नायट्रेट दिसू लागले.

निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. वीस दिवस थांबते ते वाढणारे, सजीव असे काही असले पाहिजे. पडताळा म्हणून त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया थांबली. नंतर थोडे मातीचे पाणी घातले आणि ती पुन्हा चालू झाली. १८९०च्या सुमारास विनोग्राडस्कीने ते जीवाणू वेगळे करून दाखवले.

११/
पुण्यातल्या नव्या टाकीत नेमके हेच नाट्य घडते. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो, नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. नव्या टाकीत जीवाणूच नसतात, म्हणून मासा स्वतःच्याच उत्सर्जनात गुदमरतो. दह्याला विरजण लागते तसे हे आहे. कितीही चांगले दूध घ्या, विरजण नसेल तर दही लागत नाही. माझ्या सहा गोल्डफिशना कोणी विरजण लावलेच नव्हते.

१२/
काचेतले मासे महाराष्ट्रात रुळले ते विसाव्या शतकात. १९५१मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. पुणेकरांच्या पिढ्यांना जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातले मत्स्यालय आठवेल. पण परदेशी मासा त्याआधी दुसऱ्याच दाराने आला होता. १८९७मध्ये रोनाल्ड रॉसने हिवतापाचा संबंध डासाशी जोडून दाखवल्यावर डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांचा शोध सुरू झाला. दक्षिण अमेरिकेतला गप्पी आला, १९२८मध्ये इटलीहून गॅम्बुशिया आला. आजही डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी साठवणीच्या पाण्यात गप्पी सोडतात. आपल्या शहरात हा मासा आधी सरकारी नोकर होता, मग शोभेचा झाला.

१३/
आता नदीकडे वळू. पुण्याच्या माशांच्या याद्या साइक्सनंतरही होत राहिल्या. फ्रेझरची १९४२ची, तोणपी आणि मुल्हेरकर यांची १९६३ची, आणि पुढच्या संशोधकांच्या. या याद्या एकाखाली एक ठेवल्या की साइक्सची मराठी नावे हळूहळू गळताना दिसतात आणि गप्पी, गॅम्बुशिया, १९५२मध्ये देशात आणलेला तिलापिया ही नावे वर चढताना दिसतात. नुक्ता तर जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत जाऊन बसला आहे.

कारण एकच नाही. धरणे, वाळूउपसा आणि मासेमारी यांचाही वाटा आहे. पण शहरातून जाणाऱ्या पट्ट्यात मुख्य आरोपी मैलापाणी. श्लोझिंगच्या नळीत थेंबथेंब सांडपाणी पडत होते, म्हणून जीवाणूंना काम उरकत होते. मुठेत ते लोंढ्याने पडते. ज्या प्रयोगाने टाकीचे गुपित उलगडले, त्यानेच नदी का गुदमरते हेही सांगून ठेवले आहे. पुण्याची मुठा ही कायमची नवी टाकी झाली आहे, असे मला ओंकारेश्वरापाशी उभे राहिले की वाटते.

१४/
एक उपरोध नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टाकीच्या काचेवर शेवाळ धरते म्हणून दुकानात ‘सकर’ विकला जातो. हा दक्षिण अमेरिकेतला मासा. बोटभर असताना घेतलेला सकर फूटभराहून मोठा होतो, टाकीत मावेनासा होतो, आणि कोणीतरी भूतदयेने त्याला नदीत सोडतो. भीमेवरच्या उजनी जलाशयात आज तो कोळ्यांच्या जाळ्यात येतो. काटेरी कवचाने जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. साइक्सचा ‘मल्या’ आठवतो का? दगडाला चिकटून शेवाळ खरवडणे हाच त्याचा जन्मजात उद्योग. शेवाळ खाणारा मासा आपल्या नद्यांत होताच, आपण त्याचे नाव विसरलो.

१५/
सारेच हरवले आहे असेही नाही. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून महसीर राखले जातात, त्यांना कोणी गळ टाकत नाही. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून खुद्रीची पैदास चालवली आहे. मोटा मोलाचा मासा, निदान वंशाने, सह्याद्रीतच आहे.

१६/
आता ज्यांना हे वाचून टाकी मांडावीशी वाटते त्यांच्यासाठी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. काच आणि वाळू धरून वजन सत्तर किलोंच्या पुढे जाते, म्हणून जुन्या वाड्याच्या तक्तपोशीवर ती भिंतीलगतच ठेवावी. खिडकीचे थेट ऊन नको. वाळू दोन-तीन इंच, धुऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे. हे धरणाचे, म्हणजे मुख्यतः पावसाचे मृदू पाणी. बोअरचे पाणी खडकातून आलेले, जड असते, दोन्ही एकच समजू नये.

मग फिल्टर सुरू करावा आणि मासे आणू नयेत. कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथली मूठभर वाळू किंवा स्पंजचा तुकडा मागून आणावा. हेच ते विरजण. रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी, म्हणजे ती कुजून जीवाणूंना अमोनिया मिळेल. तीन ते सहा आठवडे. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की पहिले दोन-तीन लहान मासे आणावेत, एकदम डझनभर नाही. पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. नळाखाली धुतला की क्लोरीन तेच करतो जे पॅरिसला क्लोरोफॉर्मने केले. आणि टाकी मोडायची वेळ आली तर मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. नदीत, तलावात, विहिरीत सोडू नयेत.

१७/
आईने माळ्यावर ठेवलेली ती टाकी गेल्या महिन्यात खाली उतरवली. एका कोपऱ्यातून गळत होती, सिलिकॉन लावून घेतले. मित्राच्या टाकीतली मूठभर वाळू डब्यातून आणली. घरातल्या धाकट्यांचा रोज एकच प्रश्न असतो, नुसत्या पाण्याकडे काय बघत बसता?

आज विसावा दिवस. सकाळी चाचणीच्या नळीतला हिरवट रंग पहिल्यांदाच निव्वळ पिवळा आला, म्हणजे अमोनिया शून्य. नायट्राइट अजून थोडे दाखवते आहे. मासे पुढच्या रविवारी.