जॅक्सनची प्रश्नावली आणि आजची पडताळणी

नाशिकमध्ये जॅक्सन हे नाव घेतलं की एकच तारीख आठवते, 21 डिसेंबर 1909. विजयानंद नाट्यगृह, 'शारदा'चा प्रयोग आणि अनंत कान्हेरे यांनी झाडलेल्या गोळ्या. तो इतिहास इथं सगळ्यांना पाठ आहे, तो पुन्हा सांगत नाही. पण सामाजिक मानवशास्त्रावर बोलायचं ठरलं तेव्हा आम्हाला याच कलेक्टरपासून सुरुवात करावीशी वाटली. कारण या संस्कृत जाणणाऱ्या माणसाला लोकांच्या समजुती, दैवतं, भुताखेतांच्या गोष्टी जमवण्याचा नाद होता.

जमवायची त्याची रीत बघा. त्याने प्रश्नावली तयार केली आणि ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेली. पाऊस पडावा म्हणून काय करतात, दृष्ट लागली तर काय उतरवतात, गावदेवाचा पुजारी कोण, अशा धाटणीचे प्रश्न. जॅक्सन मारला गेला, कागद उरले. ते एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने संकलित केले. गुजरातचा खंड 1914 साली आला, कोकणचा 1915 साली. कोकणच्या खंडात पानोपानी तळटिपा आहेत : 'शाळामास्तर, चौक, कुलाबा'. नुसता हुद्दा आणि गाव. मास्तरचं नाव नाही. आणि मास्तरला ज्या म्हातारीने किंवा भगताने हे सगळं सांगितलं असेल, त्यांचा तर मागमूसही नाही.

आमच्या विषयाची महाराष्ट्रातली सुरुवात बरीचशी अशी झाली. साहेब विचारणार, मास्तर लिहिणार, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो ओट्याखाली उभा. मास्तर बहुधा शिकलेल्या जातींतला. पाड्यावरच्या लग्नात काय होतं हे त्याने स्वतः बघितलं की कुणाकडून ऐकलं, हे आज कसं कळणार? नाशिक जिल्ह्याचं 1883 चं गॅझेटियर घ्या, त्यातही ठाकर, कोळी, वारली यांची वर्णनं आहेत. वाचायला रंजक आहेत, उपयोगीही आहेत. आम्ही ती टाकून द्या म्हणत नाही.

याच काळात एक वेगळी गोष्ट घडली. जॅक्सनची सामग्री 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकातून आली होती. त्याच नियतकालिकात मे 1917 मध्ये भारतातल्या जातींवर एक निबंध छापून आला. तो वर्षभर आधी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात वाचला गेला होता. लेखक भीमराव आंबेडकर. जातीबाहेर लग्न होऊ न देणं हाच जातीचा कणा, असं त्यांनी मांडलं. ज्याच्याबद्दल एरवी इतर लोक लिहीत, तो इथं स्वतः लिहीत होता. पुढं 2 मार्च 1930 ला काळारामाच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, हे या शहराला सांगायला नको. पण बाबासाहेबांना मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमात पहिल्या रांगेत बसवायला आमच्या लोकांनी फार उशीर केला, हे मात्र कबूल करायला हवं.

घुर्ये, इरावतीबाई यांच्यावर बोलायचं तर दुसरी संध्याकाळ लागेल. आम्हाला आजच्या अडचणीकडे यायचं आहे.

अडचण अशी. अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकर जमातीला पूर्वी ठराविक तालुक्यांपुरतीच मान्यता होती. आपल्या जिल्ह्यात इगतपुरी, नाशिक आणि सिन्नर. 1976 च्या दुरुस्तीने तालुक्यांची अट गेली. अट गेल्यावर नामसाधर्म्याचा फायदा घेणारेही पुढे आले, हे खरं आहे. खऱ्या आदिवासी मुलाची मेडिकलची जागा दुसऱ्याने नेली तर तो राग खोटा कसा म्हणायचा? मग 1994 साली महादेव कोळी दाखल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली. कागदपत्रं तर बघायचीच, शिवाय दक्षता पथकाने घरी जाऊन दैवतं, विधी, लग्नाची रीत, मयताचे संस्कार विचारायचे. हीच ती ॲफिनिटी टेस्ट.

आता विचार करा. सिडकोत वाढलेली मुलगी, वडील कारखान्यात, घरात गणपती बसतो, लग्न लॉन्सवर लागतं. तिला विचारायचं, तुमचा कुलदेव कोणता, लग्नात कोणता विधी करता? आणि उत्तर जुळवून कशाशी बघायचं? तर जुन्या पुस्तकांतल्या वर्णनांशी. म्हणजे साहेबाच्या आणि मास्तरच्या काळातली नोंद आज उत्तरपत्रिका तपासायची किल्ली झाली. उलटी गंमतही होते, पुस्तक पाठ केलेला बरोबर उत्तरं देतो. खरा माणूस अडखळतो, कारण त्याचं जगणं बदललं आहे. बदलतं ते जगणं समजून घेणं हेच तर आमच्या शास्त्राचं काम होतं!

24 मार्च 2023 रोजी, ठाकूर जमातीच्याच प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही चाचणी निर्णायक कसोटी होऊ शकत नाही. स्थलांतर, आधुनिकता, इतरांशी संपर्क यांमुळे चालीरीती बदलतात. 1950 च्या आधीचे कागद अधिक वजनाचे. निकाल स्वागतार्ह आहे. पण आमची एक शंका उरते : ज्याच्या आजोबांनी शाळेची पायरीच चढली नाही, त्याच्याकडे 1950 आधीचा शाळेचा दाखला येणार कुठून?

न्यायालयाने चाचणीला तिची जागा दाखवली, पण ती रद्द केलेली नाही. दक्षता पथकं प्रश्न विचारतच राहतील. तर ते प्रश्न कुणी तयार करायचे? आमचं म्हणणं आहे की पेठ-सुरगाण्याच्या, त्र्यंबक-इगतपुरीच्या मुलामुलींनी, जी आता एम.ए., पीएच.डी. करताहेत, त्यांनी आपल्या पाड्याची आजची नोंद करावी. सांगणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीने लिहावं, तारीख घालावी, आणि 'हे यंदाचं आहे, पुढच्या पिढीत बदलेल' हे पहिल्याच पानावर लिहावं. आम्हा विद्यापीठातल्या लोकांना त्यात मार्गदर्शक म्हणून नाव हवंसं वाटेल. ते तूर्त बाजूला ठेवू.

चिठ्ठ्या आल्या आहेत बऱ्याच, त्या घेऊ.