परीक्षकांच्या पेल्यातून आलेली साके

जपानमध्ये साके पारखायचा पेला दिसायला अगदी साधा असतो. पांढऱ्या चिनी मातीचा, १८० मिलिलिटर मावेल एवढा, आणि तळाशी गडद निळ्या रंगाची एकात एक दोन वर्तुळे. साके ओतली की त्या निळ्या रेघेची कड बघायची. कड स्पष्ट दिसली तर साके नितळ. पुसट वाटली तर कुठेतरी गाळ राहिला आहे. पांढऱ्या तळावर रंगाची छटा कळते. मग पेला नाकाशी न्यायचा, छोटा घोट घ्यायचा, तो जिभेवर फिरवत तोंडानेच थोडी हवा ओढायची आणि थुंकून टाकायचा. मेजवानीत रमलेल्या माणसाच्या उपयोगाचा हा पेला नाही. तो परीक्षकांचा पेला आहे.

आज जगभरच्या नामांकित रेस्टॉरंटांत थंडगार करून दिली जाणारी ‘गिन्जो’ आणि ‘दाइगिन्जो’ साकेसुद्धा आधी परीक्षकांसाठीच तयार झाली. सफरचंद, केळे, खरबूज यांची आठवण करून देणारा तिचा सुवास पाहून ही हजार वर्षांची परंपरा असावी असे वाटते. साके तेवढी जुनी आहेच, पण हा सुवास गेल्या सव्वाशे वर्षांतला आहे. तो करखाते, शास्त्रज्ञ, एक यंत्र आणि हट्टी कारागीर यांच्या मेहनतीतून आला, आणि सामान्य ग्राहकापर्यंत पोचायला त्याला अर्धे शतक लागले.

सगळ्याचे मूळ तांदूळ सडण्यात आहे. दाण्याच्या बाहेरच्या थरांत स्निग्धांश आणि प्रथिने जास्त असतात, गाभ्यात स्टार्च. बाहेरचे थर राहिले तर साके जडशीळ होते आणि तिचा सुवास दबतो. ‘यामादा निशिकी’सारख्या साकेसाठीच्या वाणांत दाण्याच्या मधोमध पांढरा, भुसभुशीत गाभा असतो, त्यात ‘कोजी’ बुरशीचे तंतू सहज शिरतात. ही बुरशी स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचा अल्कोहोल करते. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात, म्हणून साके ऊर्ध्वपातनाशिवाय २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलपर्यंत पोचू शकते. बाटलीत भरताना बहुधा पाणी घालून ती १५-१६ टक्क्यांवर आणतात.

बाहेरचे थर काढले की साके सुधारते, हे जुन्या लोकांनाही ठाऊक होते. सोळाव्या शतकात नारा परिसरातल्या बौद्ध मठांची साके नावाजलेली होती, कारण तिथे कोजीसाठी आणि आंबवणासाठी असा दोन्हीकडे सडीक तांदूळ वापरत. पुढे हा मान कोबे शहराजवळच्या नादाकडे गेला. रोक्को डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यांवर तिथल्या लोकांनी पाणचक्क्या बसवल्या आणि पायाने कांडण्याचे काम पाण्यावर सोपवले. तांदूळ जास्त सडला जाऊ लागला, आणि नादाची साके जहाजांनी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाऊ लागली. त्यातच १८४० मध्ये यामामुरा ताझाएमोन यांना निशिनोमियातल्या एका विहिरीच्या पाण्याचा गुण उमगला. ते पाणी जड होते. त्यातल्या फॉस्फरस आणि पोटॅशियममुळे यीस्ट जोमाने वाढे आणि साके दमदार होई. नादाला तोड नाही, असे समीकरणच पक्के झाले.

हे समीकरण मोडले हिरोशिमाने. मिउरा सेन्झाबुरो यांनी १८७६ मध्ये तिथल्या मित्सु या किनाऱ्यावरच्या गावात साके बनवायला सुरुवात केली, तेव्हा पिंपामागून पिंप नासत गेले. नादाची पद्धत तंतोतंत पाळूनही जमेना. अखेर दोष हाताचा नसून पाण्याचा असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. हिरोशिमाचे पाणी हलके. त्यात यीस्टला पुरेसे पोषण नाही. मिउरांनी हीच अडचण कामाला लावली. कोजी दाण्यात खोलवर मुरू द्यायची आणि आंबवण कमी तापमानाला, सावकाश होऊ द्यायचे. ही पद्धत त्यांनी स्वतःपाशी दडवली नाही. १८९८ मध्ये पुस्तक लिहून ती सगळ्यांना खुली केली. सावकाश, गारव्यात आंबलेल्या त्या साकेला नादाच्या साकेत नसलेला नाजूक सुवास होता.

याच सुमारास टोकियोचे सरकारही साकेकडे बारकाईने बघत होते, आणि त्याला कारण पैशाचे होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जपानच्या करउत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या साकेवरच्या करातून येई. १८९९ मध्ये घरगुती साकेवर बंदी आली, ती याच हिशेबाने. नासलेले पिंप म्हणजे बुडालेला कर. म्हणून १९०४ मध्ये अर्थखात्याच्या छत्राखाली साके संशोधन संस्था उभी राहिली. १९०७ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाच्या साकेने नादाला मागे टाकून वरची पारितोषिके पटकावली. १९११ पासून संशोधन संस्थेने नव्या साकेची वार्षिक परीक्षा सुरू केली. ती आजही होते आणि देशभरातून आठशेच्या आसपास साके तिथे उतरतात.

आता सगळ्यांनाच परीक्षकांचे नाक जिंकायचे होते. दर हिवाळ्यात ‘तोजी’, म्हणजे मुख्य कारागीर, एक छोटे पिंप स्पर्धेसाठी राखून ठेवी. तांदूळ थोडा थोडा घेऊन हाताने धुवायचा आणि भिजवायची वेळ सेकंदांत मोजायची, कारण सडून सडून बारीक झालेला दाणा पाणी झपाट्याने पितो आणि क्षणभर उशीर झाला तरी चिकट होतो. आंबवण दहा अंशांच्या आसपास महिनाभर सांभाळायचे. शेवटी ते कापडी पिशव्यांत भरून टांगायचे आणि दाब न देता आपसूक ठिबकेल तेवढेच गोळा करायचे. एवढे करून स्पर्धेपुरत्या बाटल्या काढल्या की उरलेली साके बहुतेक वेळा रोजच्या मालात मिसळून टाकत! इतका तांदूळ वाया घालवून केलेली साके त्या किमतीला घेणार कोण, हा मालकांपुढचा खरा प्रश्न होता.

यंत्रही हिरोशिमाचेच. साइजो गावात साताके रिइची यांनी १८९६ मध्ये जपानमधले पहिले शक्तिचलित तांदूळ सडण्याचे यंत्र बनवले. त्यांच्याच कंपनीचे उभ्या घडणीचे यंत्र १९३० च्या दशकात पसरले, आणि दाणा न मोडता निम्म्याहून अधिक घासून टाकणे शक्य झाले. यीस्टमध्येही निवड होऊन त्यांना क्रमांक मिळू लागले. आकितातल्या ‘आरामासा’ कारखान्यातून सहाव्या क्रमांकाचे यीस्ट १९३० मध्ये वेगळे करण्यात आले. नागानोच्या ‘मासुमी’तून सातवे १९४६ मध्ये. पुढे कुमामोतोतून नोजिरो किन्इची यांच्या संशोधनातून आलेल्या यीस्टला नववा क्रमांक मिळाला. फळांसारखा सुवास ही त्याची ओळख. यामादा निशिकी तांदूळ, कुमामोतोचे यीस्ट आणि सडून उरलेला ३५ टक्के दाणा, हे सुवर्णपदकाचे हमखास सूत्र ठरले.

मधल्या काळात युद्धाने या कलेचा गळाच धरला. तांदूळ मिळेना, तेव्हा साकेत बाहेरचा अल्कोहोल, साखर आणि आम्ल घालून तिचे तिप्पट करण्याची पद्धत आली आणि पुढे दशकानुदशके टिकली. १९४३ मधली सरकारी प्रतवारीही विचित्र होती. वरचा दर्जा हवा तर तपासणी करून घ्यायची आणि जादा कर भरायचा. तपासणी नाही तर थेट दुय्यम दर्जा. मियागीच्या ‘इचिनोकुरा’ने १९७७ मध्ये मुद्दाम तपासणी टाळून आपली चांगली साके दुय्यम दर्जाने विकली आणि ‘मुकान्सा’, म्हणजे ‘तपासणीविना’, असे नावच तिला दिले. ग्राहकांनी ती उचलून धरली.

त्याआधी साइजोच्या ‘कामोत्सुरु’ने १९५८ मध्ये दाइगिन्जो बाजारात आणण्याचे धाडस केले होते. २०१४ मध्ये टोकियोतल्या ‘सुकियाबाशी जिरो’ या सुशी रेस्टॉरंटमध्ये पंतप्रधान शिंझो आबे यांनी बराक ओबामांना हीच साके पाजली. पण गिन्जोची खरी चलती १९८० च्या दशकात झाली. १९९० पासून नवी नियमावली लागू झाली: गिन्जोसाठी सडून उरलेला दाणा ६० टक्के किंवा कमी, दाइगिन्जोसाठी ५० टक्के किंवा कमी. १९९२ मध्ये जुनी प्रतवारी पूर्ण बंद झाली. त्याच वर्षी यामागुचीच्या डोंगराळ खेड्यातल्या ‘दास्साइ’ने दाणा २३ टक्क्यांपर्यंत सडलेली साके काढून सगळ्यांना चकित केले.

जपानमध्ये साकेचा खप १९७३ च्या सुमारास शिखरावर होता. आज तो चौथ्या हिश्शावर आला आहे. साध्या साकेचे कारखाने बंद पडत असताना गिन्जोने अनेक छोट्या कारखान्यांना जगवले. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोजी वापरून साके करण्याच्या कौशल्याला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, ते अशाच कारागिरांच्या जिवावर.

म्हणून उंची साके समोर आली तर आधी लेबल वाचावे. ‘जुन्माई’ म्हणजे तांदूळ, कोजी आणि पाणी एवढेच. तो शब्द नसेल तर सुवास खुलवण्यासाठी थोडा अल्कोहोल घातलेला असतो, आणि त्यात भेसळ काही नाही. टक्क्याचा आकडा लहान म्हणजे साके थोर, असेही मानू नये. तो आकडा किती तांदूळ घासला एवढेच सांगतो. हात किती चांगला होता ते घोटातच कळते. गिन्जो गरम करू नये. दहा ते पंधरा अंशांना, वाइनच्या ग्लासात, जेवणाबरोबर घ्यावी. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि उघडल्यावर फार दिवस राखू नये. आणि पर्याय असेल तर पहिली बाटली हिरोशिमाची घ्यावी. नादाच्या पाण्याशी बरोबरी होणार नाही हे ओळखून त्या माणसांनी आपल्याच पाण्याची साके केली. आजच्या गिन्जोचा पाया त्यांनीच घातला आहे.